गाय उलटते, त्याआधी पोटात काय घडतं

नमस्कार, पशुपालक बंधू-भगिनींनो.

गाय माजावर आली, वेळेवर भरवली, आणि 21 दिवसांनी पुन्हा माजावर. ‘उलटली’ म्हणून आपण पुढच्या तयारीला लागतो. दोष कधी रेतमात्रेला देतो, कधी रेतन करणाऱ्याला. तिथेही चूक असू शकते. पण निरोगी गाय योग्य वेळी भरवली, तर बहुतेक वेळा स्त्रीबीज फळतं. म्हणजे उलटलेल्या पुष्कळ गायींच्या पोटात गर्भ तयार झालेला असतो, तो टिकत नाही एवढंच. आणि हे नुकसान बहुधा माजाची तारीख येण्याआधीच होऊन जातं, म्हणून ते आपल्या लक्षातही येत नाही. या पहिल्या अडीच आठवड्यांत बरंचसं अवलंबून असतं प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर. आज त्याविषयी बोलू.

माज ओसरल्यावर साधारण 10 ते 12 तासांनी बीजकोशातून स्त्रीबीज सुटतं. ते जिथून सुटलं, तिथेच पीतपिंड तयार होतो. प्रोजेस्टेरॉन बनवतो तो हाच. माजाच्या दिवशी हे संप्रेरक रक्तात जवळपास नसतंच, मिलीलिटरला 1 नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते चढू लागतं आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास कित्येक पटींनी वाढलेलं असतं. ते चढलेलं असेपर्यंत गाय माजावर येत नाही, गर्भाशय शांत राहतं, त्याचं तोंड घट्ट मिटलेलं राहतं.

पण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. ते गर्भाच्या पोषणाची सोय करतं. चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात उतरतो, तेव्हा त्याला वार नसते. गर्भाशयाच्या अस्तराला तो चिकटायला लागतो तेच तिसऱ्या आठवड्यात. तोवर अस्तरातून पाझरणाऱ्या स्रावावरच त्याला जगायचं असतं, आणि अस्तराला त्यासाठी तयार करतं प्रोजेस्टेरॉन. पहिल्या आठवड्यात ते वेळेवर चढलं, तर सातव्या दिवशी कणाएवढा असणारा गर्भ दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लांबू लागतो आणि सतराव्या दिवसाच्या सुमारास वीतभर लांबीच्या धाग्यासारखा होतो. ते उशिरा चढलं, तर गर्भ जिवंत असूनही लहान राहतो.

लहान राहिला तर काय बिघडलं? इथेच खरी मेख आहे. सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरघळवतं, म्हणजे गाय नव्याने माजावर येऊ शकेल. गर्भाला हे थांबवायचं असतं. त्यासाठी तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो: मी इथे आहे, पीतपिंड राहू दे, असा तो निरोप असतो. गर्भ जितका लांब, तितका हा निरोप जोरकस. लहान गर्भाचा निरोप अपुरा पडतो, पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि गर्भ जातो. तीन-चार दिवसांत गाय माजावर दिसते. तारीख अगदी नेहमीची, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

भरपूर दूध देणाऱ्या गायींत ही अडचण जास्त दिसते. अशी गाय खूप खाते, तिच्या यकृतातून रक्तही जास्त फिरतं, आणि प्रोजेस्टेरॉनचा निचरा करण्याचं काम यकृताचंच असतं. पीतपिंड चांगला असूनही रक्तात संप्रेरक कमी उरतं. म्हणून कुणी खुराक तोडू नये, ही माझी कळकळीची विनंती. व्याल्यानंतर झपाट्याने वाळलेल्या गायीचा पीतपिंडच कमकुवत राहतो, आणि ते जास्त वाईट. गाय विण्याच्या वेळी अंगाने मध्यम असावी, वार अडकली किंवा गर्भाशयात पू झाला तर वेळीच उपचार व्हावेत, आणि भरवल्यानंतरच्या आठवड्यात तिला उन्हाचा ताण पडू देऊ नये. कोवळा गर्भ उष्णतेपुढे टिकत नाही.

मग प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शनच का देऊ नये, असं पुष्कळजण विचारतात. सरसकट दिल्याने खात्रीचा फायदा होत नाही, आणि फार लवकर दिलं तर पीतपिंड अकाली विरू शकतो. माजावरच न येणाऱ्या गायीला योनीत काही दिवस ठेवायचं प्रोजेस्टेरॉनचं साधन मिळतं, पण ते भरवण्याआधीचं काम, तेही पशुवैद्यकाच्या हातून.

तपासणीचं थोडं सांगतो. भरवल्यापासून 21 ते 24 दिवसांदरम्यान दुधातलं प्रोजेस्टेरॉन अगदी कमी आलं, तर गाय गाभण नाही हे जवळपास नक्की. जास्त आलं, तर गाभण असू शकते, खात्री मात्र नाही. पक्कं निदान सोनोग्राफीने साधारण महिन्याने, हाताने तपासून त्यानंतर. माज आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देण्याआधी ही खात्री झालीच पाहिजे. गाय गाभण असेल तर त्या इंजेक्शनाने गाभ पडू शकतो.

आणि गाय उलटली तर तारीख लिहून ठेवा. 18 ते 24 दिवसांत उलटली असेल, तर फळलीच नसेल किंवा गर्भाचा निरोप पोचला नसेल. 25 ते 35 दिवसांत उलटली आणि मधला माज हुकला नसेल, तर निरोप पोचला होता, गर्भ त्यानंतर गेला. पशुवैद्यकाला या दोन गायींची तपासणी वेगवेगळ्या दिशेने करावी लागते.