कॅराव्हॅनचा एसी थंड करीत नाही, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याच्या रस्त्यांवर आता कॅराव्हॅनही दिसू लागल्या आहेत. झोपायची जागा, छोटे स्वयंपाकघर आणि छतावर एसी असलेले हे चालते घर किनाऱ्याच्या दमट हवेत उभे असताना एसी बंद पडला, तर आत घटकाभरही बसवत नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच निदान करतात : गॅस संपला. मला आज या घाईच्या निदानाविरुद्ध बोलायचे आहे. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि कुठेतरी गळती असेल तरच कमी होतो. म्हणून तपासणीचा क्रम लक्षात ठेवावा : आधी वीज, मग हवा आणि सर्वांत शेवटी गॅस.

डिचोलीला माझ्या मावशीकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या मावसबहिणीचे दीर कोल्हापूरहून भाड्याची कॅराव्हॅन घेऊन, आंबोली घाट उतरून सहकुटुंब आले होते. गाडी अंगणात फणसाच्या सावलीत उभी केली आणि स्वयंपाकघरातल्या प्लगवरून, खिडकीतून वायर काढून तिला वीज दिली. दुपारी एसी उत्तम चालला. मात्र संध्याकाळी, घरोघरी दिवे आणि पंप सुरू होण्याच्या वेळेला, कॉम्प्रेसर घुमल्यासारखा आवाज करी, गाडीतले दिवे क्षणभर मंद होत, खट्ट असा आवाज येई आणि नुसता पंखा फिरत राही. काही मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. एका मेकॅनिकने फोनवर ऐकूनच गॅस भरावा लागेल असे सांगितले आणि खर्चाचा आकडाही कळवला.

मावशीने मात्र वाड्यावरच्या जुन्या वायरमनना बोलावून घेतले. पाहुण्यांनी लगेच शिडी आणली, पण वायरमनकाका छताकडे वळलेच नाहीत. ते वायरीच्या मागे मागे चालत गेले. खिडकीखाली उरलेल्या वायरीचे भेंडोळे गुंडाळून ठेवले होते, त्याला त्यांनी हाताची पालथी बाजू लावली आणि म्हणाले, “भाऊ, जरा इकडे येऊन हात लावून बघा.” भेंडोळे चांगलेच तापले होते आणि प्लगची एक पीन काळवंडली होती. मग त्यांनी गाडीतल्या सॉकेटमध्ये मीटर धरला. एसी बंद असताना तो 208 व्होल्ट दाखवीत होता. कॉम्प्रेसर सुरू व्हायला लागला, त्या क्षणी आकडा 160 च्या खाली घसरला, खट्ट असा आवाज झाला आणि आकडा पुन्हा वर गेला. आम्ही सगळे त्या आकड्याकडे पाहत राहिलो.

काकांनी कारण समजावून दिले. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतो. आपली वीज 230 व्होल्टची असली, तरी संध्याकाळी ती मुळातच कमी येते, आणि लांब व बारीक वायर त्यातलाही बराच भाग वाटेतच खाते. मग कॉम्प्रेसरला फिरण्याइतके बळ मिळत नाही, तो जागच्या जागी तापतो आणि त्याला जळू न देण्यासाठी आतला ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच वीज तोडतो. म्हणजे तो खट्ट आवाज एसी बिघडल्याचा नव्हता, एसी स्वतःला वाचवीत होता. काकांनी 2.5 चौरस मिलिमीटरची, तीन तारांची तांब्याची वायर आणवली, ओसरीवरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटमधून सर्वांत जवळच्या वाटेने ती गाडीपर्यंत नेली, अर्थिंग तपासले आणि पंप बंद करायला सांगितला. कॉम्प्रेसर पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. गॅसला कोणी हातही लावला नव्हता. मीटर कसा वाचावा, हे प्रत्येक मुलामुलीला शाळेतच शिकवले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. ज्यांच्या घरात विजेवर चालणारी इतकी यंत्रे आहेत, त्यांना ती वीज मोजता येऊ नये, हे बरे नाही.

तर आधी वीज. ती ठीक असेल, तर मग हवा. एसीत हवा गाळणारी जाळी धुळीने भरली की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि थंडावा येईनासा होतो. अशा वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा चालवावा, बर्फ वितळू द्यावा आणि जाळी धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. आपल्या खाऱ्या वाऱ्याने छतावरच्या कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या झिजतात. वीज तोडून त्या गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवाव्यात, जोराच्या फवाऱ्याने त्या वाकतात. आणखी एक जागा सहसा कोणी पाहत नाही. छताच्या आतल्या पोकळीत फट राहिली, तर थंड हवा खोलीत न येता तिथूनच परत एसीत ओढली जाते. ही फट ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करता येते. एवढे करूनही थंडावा नसेल, तरच गॅसचा विचार करावा आणि आधी गळती शोधून मगच तो भरून घ्यावा.

गाडीतल्या, सिलिंडरच्या गॅसवर पेटणाऱ्या हीटरची गरज आपल्याला गोव्यात पडत नाही, पण हीच गाडी घेऊन हिमाचलला जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. पंखा फिरतो आणि ज्योत पेटत नाही, तेव्हाही आधी वीजच पाहावी : 12 व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर पंखा मंद फिरतो, पुरेसा वारा जाणवल्याशिवाय हीटरमधला स्विच गॅस सोडत नाही. मग धुराची नळी पाहावी. आपल्याकडे गाडी पावसाळाभर उभी राहिली की कुंभारीण माशी त्या नळीत मातीचे घर करते. सिलिंडरमध्ये कोणता गॅस आहे, हेही पाहावे : ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचे थांबते, प्रोपेन मात्र उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत प्रोपेनच लागतो. हीटर पेटला नाही म्हणून गाडीत शेगडी पेटवून झोपणे प्राणघातक आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याची सूचना देणारा अलार्म गाडीत असावा, आणि निघण्यापूर्वी त्याच्या मागे छापलेली मुदत पाहून घ्यावी. नमस्कार.