उलबाईंची सात वर्षं

मंडळी, आना ओटेनडॉर्फर या बाईंची माहिती कुठल्याही कोशात काढून बघा. नवरा वारला, तिनं वर्तमानपत्र चालवलं, पुढे संपादकाशी लग्न केलं. बस. यातला मधला टप्पा १८५२ ते १८५९ असा सात वर्षांचा आहे आणि त्याच्या वाट्याला येते एक ओळ. मला आज त्या ओळीवरच बोलायचंय. बाकीचं ओघानं येईल.

आना १८१५ साली बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्गला जन्मली. पहिला नवरा याकोब उल, मुद्रक. न्यूयॉर्कला आल्यावर नवराबायकोनी १८४४ मध्ये एक छोटा छापखाना विकत घेतला आणि वर्षभरात तिथेच छापलं जाणारं एक जर्मन साप्ताहिकही घेतलं. 'न्यूयॉर्कर श्टाट्स-त्साइटुंग' हे त्याचं नाव. ते १८३४ पासून निघत होतं.

आता छापखाना म्हटला की मालकीणबाई वरच्या मजल्यावर आणि मालक खाली, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नव्हतं. आना स्वतः खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवत असे, हिशेब लिहीत असे, पत्रव्यवहार बघत असे. जर्मन मजकूर तेव्हा फ्राक्टुर नावाच्या कोनदार, गच्च वळणाच्या लिपीत छापत. त्यातला लांब एस आणि एफ हे इतके जुळे भाऊ, की दिव्याच्या उजेडात जुळाऱ्याचा हात हमखास चुकायचा. (ज्यांनी आपल्याकडे खिळ्यांच्या जमान्यात 'घ' आणि 'ध'ची प्रुफं तपासली आहेत, त्यांना हे सांगायला नको.) आणि हे सगळं करताना पदरी सहा मुलं.

साप्ताहिकाचा अंक आठवड्यातून तीनदा निघू लागला, मग दैनिक झालं. आणि १८५२ मध्ये याकोब गेला.

बाईकडे पेपर विकत घ्यायला लोक आले. साहजिकच. विधवा, सहा पोरं, परका देश. कोण म्हणेल हिनं विकू नये? तिनं विकला नाही.

इथे कायद्याची एक गंमत सांगतो. त्या काळच्या रिवाजी कायद्यानं लग्न झालेल्या बाईला व्यवहारात स्वतःचं अस्तित्वच नव्हतं. करार करायचा तो नवऱ्यानं. पण विधवा? ती स्वतंत्र. कागद विकत घ्यायला, पगार ठरवायला, कोर्टात उभं राहायला तिला कुणाची सही लागत नव्हती. म्हणजे आनाला धंद्यात स्वतःच्या नावानं उभं राहता आलं ते नवरा गेल्यावर. हे वाचताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

काही जण म्हणतात, तिचं नशीब जोरावर होतं, वाचक बोटी भरभरून येत होते. येत होतेच. जर्मनीतली १८४८ची क्रांती फसली होती, पिकं बुडाली होती. १८५४ या एकाच वर्षात दोन लाखांहून जास्त जर्मन माणसं अमेरिकेत उतरली. मॅनहॅटनच्या खालच्या पूर्व भागातली त्यांची वस्ती 'क्लाइनडॉइचलांड', म्हणजे छोटा जर्मनी म्हणून ओळखली जाई. बोटीवरून उतरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय हवं असतं? काम, खोली आणि गावाकडची बातमी, तीही कळणाऱ्या भाषेत. पण याच सात वर्षांत 'नो-नथिंग' पक्षवाल्यांची परदेशी माणसांविरुद्धची लाट उसळली आणि १८५७ मध्ये पेढ्या कोसळल्या. नुसत्या नशिबावर यातून पेपर तरत नाही.

ओस्वाल्ड ओटेनडॉर्फर हा १८४८च्या व्हिएन्नाच्या उठावातला तरुण. पळून आला, पेपरात कामाला लागला आणि १८५८ मध्ये संपादक झाला. पुढच्या वर्षी आनानं त्याच्याशी लग्न केलं. आता पुन्हा कायदा. न्यूयॉर्क राज्यानं १८४८ मध्ये नियम केला होता, की लग्नाच्या वेळी बाईच्या नावावर असलेली मालमत्ता लग्नानंतरही तिचीच. बारा वर्षं आधी हे लग्न झालं असतं तर? विचार करून बघा. पुढे लिहिण्याची बाजू ओस्वाल्डची आणि कचेरी आनाची, अशी वाटणी राहिली.

तिनं पैसा कुठे घातला ते बघण्यासारखं आहे. १८७५ मध्ये अ‍ॅस्टोरियाला वृद्ध जर्मन बायकांसाठी घर. त्याचं नाव वारलेल्या मुलीवरून 'इझाबेला हाइमाट'. १८८२ मध्ये जर्मन हॉस्पिटलात बायकांसाठी वेगळा विभाग. १८८३ मध्ये जर्मन सम्राज्ञी ऑगस्टानं तिला पदक पाठवलं. ते ठीकच. मला जास्त मोलाच्या वाटतात त्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या १३५ आणि १३७ क्रमांकाच्या दोन लाल इमारती: एक फुकट वाचनालय, शेजारी गरिबांसाठी दवाखाना. वास्तुरचनाकार विल्यम शिकेल, तोही जर्मन. दवाखान्याच्या दर्शनी भागावर हिपोक्रेटीस, गेलन, हार्वी अशा वैद्यकातल्या थोरांचे भाजक्या मातीचे अर्धपुतळे बसवलेत. एकही बाई नाही, हे जाता जाता.

पहिल्या महायुद्धात 'जर्मन' हा शब्द अमेरिकेत शिवीसारखा झाला, तेव्हा दवाखान्यानं आणि हॉस्पिटलनं दोघांनीही नावं बदलली. वाचनालयाचं ओटेनडॉर्फर हे नाव मात्र टिकलं, आणि दारावरची जर्मन अक्षरंही. पुस्तकं पहिल्यापासून दोन्ही भाषांतली, साधारण निम्मी जर्मन, निम्मी इंग्रजी. ते उघडलं डिसेंबर १८८४ मध्ये. आना त्याच वर्षी एक एप्रिलला गेली होती.