मिशनवरचा सोबती

मंडळी, मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न बायकांचा येतो. त्याचं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढे बोलता येईल: बहुपत्नीत्व सोडत असल्याचं त्यांच्या मुख्य चर्चनं 1890 मध्ये जाहीर केलं. मला बोलायचंय ते मिशनवर, म्हणजे घरोघर धर्मप्रचाराला, जाणाऱ्या त्यांच्या मिसरूड फुटलेल्या पोरांबद्दल. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, नावाआधी 'एल्डर', आणि कायम दोघं. युरोप-अमेरिकेत राहिलेल्या बहुतेकांनी त्यांना दारात पाहिलंय, आणि 'नको, नको' म्हणत दार लावूनही घेतलंय.

मी अमेरिकेतल्या युटा राज्यात बरीच वर्षं काढली. तिथे शेजारपाजारची मुलं कॉलेज मध्येच थांबवून मिशनवर जायची. 2012 मध्ये चर्चनं किमान वय मुलांसाठी 19 वरून 18 वर आणलं, मुलींसाठी 21 वरून 19 वर, आणि 2025 मध्ये तेही 18 केलं. मुलगे 24 महिने जातात, मुली 18. देश निवडायची सोय नाही. सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून चर्चच्या अध्यक्षांच्या सहीनं कळवलं जातं आणि ते वाचायला सगळं गणगोत जमतं. जपान निघालं की टाळ्या. शेजारचं राज्य निघालं तरी टाळ्या, पण जरा बेतानं. मग युटातल्याच प्रोव्होच्या केंद्रात प्रशिक्षण. परकी भाषा असेल तर सहा ते नऊ आठवडे. पगार नाही. उलट अमेरिकन घरांना दरमहा 400 डॉलर भरावे लागत, 2020 पासून 500.

आमच्या शेजारचा मुलगा जर्मनीत होता. बहुमजली इमारत असेल तर ते वरच्या मजल्यापासून सुरुवात करत. कुणी चिडून हाकललं, तरी तोवर वरचे दोन मजले झालेले असतात! आपल्याकडे माधुकरी मागणाऱ्याला निदान पोळीचा तुकडा तरी मिळायचा. इथे झोळीच उलटी: आपल्याजवळचं द्यायला जायचं आणि कुणी घेत नाही म्हणून तसंच परत यायचं.

मिट रॉम्नी, पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झाले ते, 1966 ते 68 फ्रान्समध्ये या कामावर होते. बोर्दोसारख्या वाइनच्या गावात जाऊन दारू सोडा म्हणायचं! जून 1968 मध्ये ते चालवत असलेल्या गाडीवर समोरून दुसरी गाडी आदळली. मिशनप्रमुखांच्या पत्नी त्यात गेल्या. रॉम्नींनाही पोलिसांनी आधी मृत समजलं होतं. बरे झाल्यावर त्यांनी उरलेलं मिशन पूर्ण केलं. आणि हो, पुण्यालाही हे लोक येऊन गेलेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. लष्करी अधिकारी आणि इतर पंथांचे पाद्री, दोघंही विरोधात. हाती लागली मूठभर माणसं.

पण दार बंद होण्याची सवय होते, असं मला परतलेल्या अनेकांनी सांगितलं. सवय होत नाही ती सोबत्याची. नियम असा की दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. न्हाणीघर तेवढं सुटलं. सोबती वरून नेमून दिलेला आणि साधारण सहा आठवड्यांनी बदलीची यादी निघते. शेजारच्या त्या मुलाला आयडाहोचा एक शेतकऱ्याचा पोरगा मिळाला. दुसऱ्याच आठवड्यात बिनसलं. कारण विचाराल तर क्षुल्लक: तो जेवताना गुणगुणायचा. दोघं सकाळी साडेसहाला उठत, एकाच टेबलावर आळीपाळीनं शर्टांना इस्त्री करत, शब्द नाही. बाहेर पडून बेल वाजवली, की लगेच हसरे चेहरे आणि कुटुंबातल्या प्रेमावर प्रवचन! हे सांगताना शेजारचा मुलगा खो खो हसायचा. तेव्हा मात्र रडला होता. 2019 पर्यंत घरी फोन फक्त ख्रिसमसला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला ईमेल. त्या ईमेलमध्ये तो लिहायचा, सगळं छान आहे. आता दर आठवड्याला बोलता येतं. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांना झेपतं असंही नाही. कुणी आजारी पडून, कुणी मन खचून मुदतीआधी परततं. चर्च आता अशांना समजून घ्या म्हणतं, पण गाव ते गावच. रविवारी प्रार्थनेनंतर 'अरे, इतक्यात आलास?' असं विचारणारी एक तरी मावशी भेटतेच. आपल्याला या मावशीची ओळख करून द्यायला नको.

आणि पूर्ण मुदत काढून आलेल्यांचं काय? त्यांना अस्खलित पोर्तुगीज नाहीतर कोरियन येतं, परक्या माणसाशी बोलायची भीड चेपलेली असते. हे युटातल्या धंदेवाल्यांनी बरोबर हेरलंय. झुरळ-मुंग्यांची फवारणी, घराचे अलार्म, सोलर पॅनेल विकणाऱ्या कंपन्या याच मुलांना उन्हाळ्यात कमिशनवर दुसऱ्या राज्यांत धाडतात. शेजारचा तो मुलगाही एक उन्हाळा टेक्सासमध्ये फवारणी विकत फिरला. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, 'काका, एकदम सोपं. झुरळं असतात हे लोकांना आधीच पटलेलं असतं.'