६४ बाइटांपलीकडचे नाव

वाय-फाय राउटरच्या मागे, इंटरनेटच्या वायरीशेजारी, अनेकदा एक यूएसबी पोर्ट असतो. तिथे प्रिंटर किंवा हार्ड डिस्क जोडली की घरातील कोणत्याही संगणकाला ती थेट आपल्यालाच जोडल्यासारखी वापरता यावी, अशी सोय अनेक कंपन्यांनी आपल्या राउटरमध्ये दिली होती. ही सोय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव नेटयूएसबी. ते राउटर विकणाऱ्या कंपन्यांनी लिहिलेले नव्हते. तैवानमधील केकोड्स या कंपनीकडून ते घेऊन प्रत्येकीने आपापल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बसवले होते. त्यामुळे राउटर विकत घेणाऱ्याला केकोड्सचे नाव कळण्याचे काही कारणच नव्हते.

१९ मे २०१५ रोजी ऑस्ट्रियातील एसईसी कन्सल्ट या संगणक-सुरक्षा कंपनीने नेटयूएसबीमधील एक गंभीर त्रुटी जाहीर केली. सीव्हीई-२०१५-३०३६ या क्रमांकाने नोंदली गेलेली ही त्रुटी बफर ओव्हरफ्लो, म्हणजे राखलेल्या जागेत (बफरमध्ये) मावेल त्याहून अधिक माहिती लिहिली जाणे, या जुन्या आणि परिचित प्रकारातील होती. तिचे मूळ एका साध्या गोष्टीत होते, ती म्हणजे संगणकाचे नाव.

नेटयूएसबी वापरू पाहणारा संगणक राउटरच्या २०००५ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टशी (हा यूएसबीसारखा खाचेचा पोर्ट नव्हे, तर नेटवर्कवरून येणाऱ्या संपर्कासाठीचा क्रमांकित दरवाजा) संपर्क साधतो. आधी एईएस कूटलेखनाच्या साहाय्याने दोन्ही बाजूंची ओळख पटवली जाते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या कायमच्या ठरलेल्या होत्या आणि संगणकावर बसवायच्या सॉफ्टवेअरमध्येही त्याच होत्या, त्यामुळे ते सॉफ्टवेअर उलगडून पाहणाऱ्या कोणालाही त्या मिळवता येत होत्या. कुलूप होते, पण किल्ली दारालाच टांगलेली होती. ओळख पटल्यानंतर संगणक आपले नाव कळवतो, आणि ते नाव किती लांबीचे आहे हेही तोच सांगतो.

ते नाव ठेवण्यासाठी राउटरच्या स्मृतीत, स्टॅक या भागात, ६४ बाइटांची जागा राखलेली होती. बँकेच्या अर्जावर नाव लिहिण्यासाठी चौकोन आखलेले असतात, तशीच ही जागा होती असे समजू. अर्ज भरणाऱ्या माणसाला चौकोन संपल्याचे दिसते आणि तो थांबतो. नेटयूएसबीमध्ये मात्र समोरच्या संगणकाने सांगितलेली लांबी आणि राखलेली जागा यांची तुलनाच केली जात नव्हती. समोरून २०० बाइट येणार असे सांगितले गेले, तर २०० बाइट उतरवून घेतले जात, आणि पहिल्या ६४ नंतरचे बाइट शेजारच्या जागेवर लिहिले जात.

शेजारी काय असते, यातच या त्रुटीचे गांभीर्य आहे. हाती घेतलेले काम संपल्यावर प्रोसेसरने कोठे परतायचे, तो पत्ता स्टॅकवरच नोंदवलेला असतो. समजा, नावाच्या जागी रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’ या अक्षराची लांबलचक रांग पाठवली. या अक्षराचा सोळा-आधारी संकेतांक ४१ आहे, म्हणून रांग परतीच्या पत्त्यावर पोहोचली की तिथे ४१४१४१४१ अशी नोंद उरते. प्रोसेसर त्या पत्त्यावर जाऊ पाहतो, तिथे काहीच सापडत नाही आणि राउटर कोलमडतो. पण हल्लेखोराने तिथे विचारपूर्वक निवडलेला पत्ता लिहिला, तर प्रोसेसर त्याने ठरवलेल्या सूचना पाळू लागतो.

येथे देवनागरी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लांबी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत नव्हे, तर बाइटांत मोजली जाते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव उच्चारायला छोटे आहे, परंतु अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत साठवल्यास त्याला ३० बाइट लागतात.

या प्रकारची चूक तेव्हा नवी नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप फैलावणाऱ्या प्रोग्रॅमने, संगणकाच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेच्या ५१२ बाइटांच्या बफरमध्ये ५३६ बाइट ओतून संगणक ताब्यात घेतले होते. नेटयूएसबीची चूक मात्र अधिक खोलवर होती, कारण हे सॉफ्टवेअर राउटरमधील लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये), म्हणजे जिथे कोणतीही आडकाठी उरत नाही अशा ठिकाणी चालत होते. एसईसी कन्सल्टने फर्मवेअरच्या फायली तपासल्या, तेव्हा डी-लिंक, नेटगिअर, टीपी-लिंक, ट्रेंडनेट आणि झायझेल या कंपन्यांच्या मिळून ९२ उत्पादनांत हे सॉफ्टवेअर आढळले. नेटयूएसबीच्याच एका फाइलमध्ये तर २६ कंपन्यांची नावे होती. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे: एका ठिकाणी राहून गेलेली एक तुलना इतक्या वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून घरोघरी पोहोचली, आणि ती दुरुस्त करायची तर प्रत्येक कंपनीला आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे फर्मवेअर काढावे लागणार होते. त्रुटी जाहीर झाली त्या दिवशी टीपी-लिंकने काही मॉडेलसाठी दुरुस्ती दिलेली होती.

जानेवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या कंपनीने नेटयूएसबीमधील आणखी एक त्रुटी उघड केली. या वेळी प्रश्न नावाचा नव्हता, पण विश्वास पुन्हा समोरून आलेल्या आकड्यावरच ठेवला गेला होता. पाठवल्या जाणाऱ्या माहितीचा आकार समोरचा संगणक कळवत असे आणि राउटर त्यात १७ मिळवून तेवढी स्मृती राखत असे. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५ आहे. तीच आकार म्हणून पाठवली, तर १७ मिळवल्यावर बेरीज मावेनाशी होते आणि उत्तर १६ येते. राउटर १६ बाइट राखतो आणि त्याहून अधिक माहिती तिथे लिहू देतो. केकोड्सने आकाराला कमाल मर्यादा घालणारी दुरुस्ती ऑक्टोबर २०२१ मध्येच राउटर कंपन्यांकडे पाठवली होती. नेटगिअरचे सुधारित फर्मवेअर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आले.

असे फर्मवेअर बहुतेकदा राउटरच्या मालकालाच कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून, उतरवून बसवावे लागते. ज्या मॉडेलसाठी कंपनीने फर्मवेअर काढणे थांबवले आहे, त्याच्या मालकाला तिथे काही सापडत नाही. २०१५ च्या तपासणीत दिसले होते की यूएसबी पोर्टला काहीही जोडलेले नसले, तरी नेटयूएसबी २०००५ क्रमांकाच्या पोर्टवर समोरच्या संगणकाच्या नावाची वाट पाहत चालूच असते.