गाडीचं युनिट कितीला पडतं?

[दृश्य: कोथरूडमधली एक सोसायटी, संध्याकाळ. पार्किंगच्या खांबावर बसवलेला चार्जर, त्याला जोडलेली गाडी. मागे लिफ्टचा आवाज.]

निवेदन:
इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते? याचं उत्तर कुणीही देतं. किलोमीटरला खर्च किती येतो, असं विचारलं की मात्र अंदाज सुरू होतात. कुणी रुपया म्हणतं, कुणी दीड. खरा आकडा फार थोड्यांना माहीत असतो, कारण बिलात गाडी वेगळी दिसतच नाही. गीझर, फ्रिज, एसी आणि गाडी या सगळ्यांचे युनिट महिन्याच्या शेवटी एकाच बेरजेत येतात.

ती बेरीज आज आपण सोडवणार आहोत. ती सोडवली की लक्षात येतं, की एकाच इमारतीतल्या दोन घरांत तीच गाडी, तेवढंच अंतर चालवून, महिन्याला आठशे-नऊशे रुपयांच्या फरकाने चार्ज होत असते.

[दृश्य: वीजबिलाचा जवळून घेतलेला शॉट. बोट एकेका ओळीवरून सरकतं.]

निवेदन:
इंग्लंडमध्ये राहणारे आपले नातेवाईक सांगतात, की त्यांनी गाडी घेतल्यावर वीज कंपनी बदलली आणि रात्रीचा स्वस्त दर घेतला. मुंबईच्या उपनगरांतही ग्राहकाला टाटा पॉवर की अदानी, अशी निवड करता येते. पुण्यातल्या घराला ही सोय नाही. आपल्याकडे वीज देणारी कंपनी एकच, महावितरण, आणि तिचे दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. त्यामुळे दरांची तुलना करायची म्हणजे कंपन्यांची जाहिरातपत्रकं शेजारी ठेवायची, असं इथे होत नाही. तुलना करायची ती एकाच दरपत्रकाच्या आत. गाडी कोणत्या स्लॅबमध्ये, म्हणजे वापराच्या कोणत्या पायरीवर जाते, कोणत्या तासाला चार्ज होते आणि कोणत्या मीटरवर लागते, यावर सगळं ठरतं.

बिलावर पाच ओळी महत्त्वाच्या असतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचा) आणि वीज शुल्क. घरगुती ग्राहकाला वीज शुल्क १६ टक्के लागतं. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून आपल्या हिशोबातून तो बाजूला ठेवू.

[दृश्य: पडद्यावर चार आकडे एकामागून एक उमटतात.]

निवेदन:
हिशोबासाठी २०२४-२५ चे घरगुती दर घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटला ५ रुपये ८८ पैसे. १०१ ते ३०० युनिटला ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. ५०० च्या वर १७ रुपये ८१ पैसे. त्यानंतर आयोगाने दर बदलले आहेत, तेव्हा तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा. पायऱ्या याच आहेत.

आता समजा, गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते. हडपसरहून हिंजवडीला रोज ये-जा करणारा माणूस यापेक्षा जास्तच चालवतो, पण १,००० हा आकडा सोपा. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनसारखी गाडी शहरात एका युनिटला साधारण सात किलोमीटर जाते. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते. ती धरली तर भिंतीतल्या सॉकेटमधून महिन्याला १६० युनिट घ्यावे लागतात.

तीन घरं पाहू.

पहिल्या घरात दोनच माणसं, एसी नाही, वापर ९० युनिट. गाडी आली की वापर २५० होतो. गाडीचे पहिले दहा युनिट खालच्या पायरीवर बसतात, उरलेले दीडशे दुसऱ्या. वीज शुल्क धरून गाडीचा खर्च २,०६२ रुपये.

दुसऱ्या घरात चार माणसं, वापर १८०. गाडीसह ३४०. इथे शेवटचे चाळीस युनिट तिसऱ्या पायरीवर चढतात. खर्च २,३२५ रुपये.

तिसरं घर म्हणजे दुसरंच घर, पण मे महिन्यातलं. एसी सुरू आहे आणि गाडी येण्याआधीच वापर ३२० वर गेला आहे. आता गाडीचे सगळे १६० युनिट तिसऱ्या पायरीवर. खर्च २,९१८ रुपये. म्हणजे किलोमीटरला जवळपास तीन रुपये.

[दृश्य: पेट्रोल पंपावरचा फिरता आकडा.]

निवेदन:
पेट्रोलच्या गाडीशी तुलना केली तर हे तिन्ही आकडे लहानच आहेत. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला या अंतरासाठी ६७ लिटर लागतील, आणि लिटर शंभरीच्या वर गेल्याला आता काळ लोटला. सात हजारांच्या आसपासचा हा खर्च आहे. तेव्हा वीज महाग पडते म्हणून इलेक्ट्रिक गाडी परवडत नाही, हे म्हणणं खरं नाही. पण रुपया-दीड रुपयाच्या आशेवर गाडी घेतलेल्या कुटुंबाला मे महिन्याचं बिल पाहून धक्का बसतो, तोही खराच आहे. विकताना हा हिशोब कुणी मांडत नाही, आणि तो मांडला जायला हवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं, की ३०० ओलांडले की पहिल्या युनिटपासून सगळं बिल वरच्या दराने येतं. तसं होत नाही. पहिले शंभर त्यांच्याच दराने राहतात, फक्त वरचे युनिट महाग होतात. ३०१ व्या युनिटला घाबरून गाडी न लावणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

[दृश्य: रात्री साडेदहा. खिडक्यांतले दिवे मालवले जात आहेत. पार्किंगमध्ये चार्जरचा हिरवा दिवा.]

निवेदन:
"गाडी रात्री लावा, वीज स्वस्त असते." हा सल्ला प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येतो. तो आला कुठून?

उद्योग, व्यापारी ग्राहक आणि चार्जिंग स्टेशन यांना बरीच वर्षं वेळेनुसार दर लागत होते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात युनिटमागे दीड रुपयाची सूट, आणि संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा. तेव्हा रात्री कारखाने मंदावत, वीज उरत असे. पण ही सूट घरगुती मीटरला कधीच नव्हती. घरात रात्री दोनला चार्ज केलं काय आणि संध्याकाळी सातला केलं काय, युनिट त्याच दराचं.

आता तर घड्याळच उलटं फिरलं आहे. महाराष्ट्रात सौरऊर्जा वाढते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे, त्यासाठी गावोगावी सौर प्रकल्प उभे राहत आहेत. दुपारी वीज मुबलक, सूर्य मावळला की ओढाताण. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून सौर तासांत दर कमी ठेवण्याची दिशा घालून दिली. आणि आपल्याकडे १ जुलै २०२५ पासून, टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर) बसलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली.

म्हणजे पुण्यातल्या घरासाठी स्वस्त वीज दुपारची. आणि दुपारी गाडी असते खराडीच्या नाहीतर बाणेरच्या कुठल्यातरी ऑफिसच्या तळघरात.

[दृश्य: आयटी पार्कचं पार्किंग. शेकडो गाड्या, दोन चार्जर.]

निवेदन:
ऑफिसांनी पार्किंगमध्ये साधे चार्जर वाढवावेत, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे. तिथे वेगवान चार्जर लागत नाही. गाडी आठ-नऊ तास उभीच असते.

ते होईपर्यंत शनिवार-रविवार आहे. साधं पंधरा अँपिअरचं सॉकेट साधारण ३.३ किलोवॅटने चार्ज करतं. नऊ ते पाच या आठ तासांत २६ युनिट गाडीत जातात, म्हणजे एकशे साठ किलोमीटरची सोय. दोन दिवसांत तीनशेच्या वर. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे आठवड्याला अडीचशेसुद्धा नाहीत. मोठी बॅटरी असेल तर अख्खा आठवडा सुटीच्या उन्हावर निघतो. लहान बॅटरीला मधल्या वारी एकदा जोडावं लागेल.

यातून वाचतात किती? १६० युनिटला १२८ रुपये, आणि वीज शुल्क त्या प्रमाणात कमी धरलं तर दीडशेच्या आत. वाचवायला हवेतच, पण या सवलतीने बिल पालटेल असं मानू नये. पायरीचा फरक युनिटमागे चार-पाच रुपयांचा आहे, सवलत ८० पैशांची. खरा पैसा मीटरमध्ये आहे.

[दृश्य: सोसायटीची मीटर रूम. धुळकट पॅनेल, एका मीटरवर हाताने लिहिलेलं "कॉमन".]

निवेदन:
पुण्यातले बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात. घराचा मीटर एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या. वरून वायर आणायची तर डक्टमध्ये जागा नाही. मग समितीतलं कुणीतरी सोपा उपाय सुचवतं: कॉमन मीटरवरून पॉइंट घ्या, युनिट मोजा, आणि महिन्याच्या मेंटेनन्समध्ये पैसे द्या.

या उपायात काय दडलं आहे ते पाहू. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचा कॉमन मीटर घरगुती वर्गवारीत येतो, म्हणजे त्यालाही त्याच चार पायऱ्या. आणि लिफ्ट-पंपाच्या वापराने तो मीटर महिन्याच्या सुरुवातीलाच ५०० युनिट ओलांडून गेलेला असतो. त्यावर लावलेल्या गाडीचं प्रत्येक युनिट सर्वांत वरच्या पायरीचं. १७ रुपये ८१ पैसे, अधिक १६ टक्के शुल्क. वीस रुपये सहासष्ट पैसे. १६० युनिटला ३,३०६ रुपये.

घरच्या मीटरवर दोन हजारांत होणारं काम इथे तेहेतीसशेला. सार्वजनिक चार्जरवर जो दर लोकांना महाग वाटतो, त्याच्या आसपास आपण आपल्याच पार्किंगमध्ये पोचतो.

त्यात अनेक सोसायट्या गाडीवाल्याकडून दहा-बारा रुपये युनिट असा गोल आकडा घेतात. वरचे आठ-दहा रुपये कोण भरतं? सगळी सोसायटी. ज्यांच्याकडे सायकलही नाही, तेसुद्धा. सभेत मग आवाज चढतात, "तुमच्या गाडीचं बिल आम्ही का भरायचं?" त्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे. गाडीवालाही लबाड नाही. दोघं भांडतात ते चुकीच्या मीटरमुळे.

यावर रस्ता आहे. आयोगाने २०१८ मध्येच इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी केली. तेव्हाचा दर युनिटला ६ रुपये होता. तो पुढे वाढत गेला, मात्र या वर्गवारीत घरासारख्या चढत्या पायऱ्या नाहीत. शंभरावं युनिट आणि हजारावं युनिट एकाच दराचं. त्याबरोबर मंजूर भारानुसार, म्हणजे जोडणीला मंजूर झालेल्या क्षमतेनुसार, स्थिर आकार येतो, तो वापर असो-नसो भरावा लागतो. म्हणून एका गाडीसाठी वेगळा मीटर घ्यायचा तर आधी भागाकार करा: महिन्याचा स्थिर आकार भागिले गाडीचे युनिट, अधिक युनिटचा दर. तो आकडा तुमच्या घरच्या वरच्या पायरीपेक्षा कमी असेल तरच घ्या. आपल्या दुसऱ्या घरात शुल्क सोडून गाडीचं युनिट सरासरी साडेबारा रुपयांना पडत होतं, मे महिन्यात १५ रुपये ७२ पैशांना. पाच-सहा गाड्या मिळून मीटर घेतला तर स्थिर आकार वाटला जातो, आणि गणित झपाट्याने सुधारतं.

[दृश्य: गच्ची. पाण्याच्या टाक्यांमागे सौर पॅनेल. दूर वेताळ टेकडी.]

निवेदन:
आता गच्चीवर येऊ. एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला सरासरी १२० युनिट देतात. म्हणजे आपल्या गाडीला दीड किलोवॅट पुरेत. पावसाळ्यात उत्पादन पडतं, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपली जादा वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या सोयीत, उन्हाळ्यात जमा झालेले युनिट पुढच्या बिलांत वळते होतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायट्यांनी मात्र याच योजनेतली दुसरी ओळ वाचावी. सामायिक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात, आणि त्या सामायिक सोयींमध्ये वाहन चार्जिंगचा उल्लेख आहे.

सौर पॅनेल कॉमन मीटरला जोडले की सर्वांत महाग पायरीवरचे युनिट आधी कमी होतात. लिफ्ट आणि पंपांचं बिल उतरतं, म्हणजे फायदा गाडी नसलेल्यांनाही. सभेत हा मुद्दा पहिल्यांदा मांडला पाहिजे, गाडीचा नंतर.

[दृश्य: सूचनाफलकावर लावलेली सभेची नोटीस.]

निवेदन:
सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि सूचना चौदा दिवस आधी. विषयपत्रिकेत "चार्जिंगबाबत चर्चा" एवढंच लिहिलं तर चर्चाच होते. त्याऐवजी कॉमन मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं जोडा, त्यावर पाचशेच्या वरचे युनिट लाल शाईने दाखवा, आणि ठराव थेट वेगळ्या जोडणीचा ठेवा. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनी वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे. नवीन जोडणीची मुदतही त्यात कमी केली: महानगर क्षेत्रात तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात सात. अर्जात वर्गवारी "इलेक्ट्रिक वाहन चार्जिंग" असं स्पष्ट लिहा आणि पहिलं बिल आलं की तीच वर्गवारी छापली आहे का ते तपासा. किती भार मागायचा, हे ठरवताना आज गाड्या किती आहेत एवढंच पाहू नका. पुढच्या दोन वर्षांत कोण गाडी घेणार आहे, हे त्याच सभेत हात वर करून विचारा. भाडेकरूंनाही विचारा.