डिसेंबरातली ताई, जुलैमधलं घर

(दृश्य: गोव्याच्या बार्देश तालुक्यातलं एक बालगृह. मागच्या अंगणात तारेवर शाळेचे गणवेश. स्वयंपाकघरात उकड्या तांदळाच्या पेजेचं मोठं भांडं. मुलांचे हात, पाय, दप्तरं.)

या चित्रफितीत एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. संस्थेचं नाव नाही, गावाचं नाव नाही, फाटकावरची पाटीसुद्धा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशातून इथे सेवेसाठी येणाऱ्या मुलामुलींना हीच गोष्ट पहिल्या दिवशी सांगतात, आणि तीच त्यांना जड जाते. मुलांबरोबरचा फोटो घरी आईलाही पाठवायचा नाही.

हा नियम गोव्याला जरा जास्तच ठाऊक असायला हवा. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक झाली. अनाथ मुलांना आसरा देणारा म्हणून तो गावात मानाने वावरत होता. आत मुलांचं लैंगिक शोषण चाललं होतं, त्यात परदेशी पुरुष सामील होते, आणि त्याची छायाचित्रं काढली जात होती. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्यानंतर, २००३ मध्ये, गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. नात्यात नसलेल्या प्रौढाबरोबर मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, हे त्यात लिहिलं. फोटो धुणाऱ्या स्टुडिओत मुलांची अश्लील छायाचित्रं आली तर पोलिसांना कळवायचं, हेही लिहिलं. पणजीत मुलांसाठी वेगळं न्यायालय आलं. एखादी चांगल्या मनाची मुलगी जर्मनीहून किंवा इंग्लंडहून येते आणि तिच्याकडे तिथल्या पोलिसांचा दाखला मागतात, तेव्हा ती थोडी दुखावते. तरी मागायलाच हवा. दाखला न मागता मुलांत सोडणाऱ्या संस्थेकडे तिने स्वतःच पाठ फिरवावी, असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रं तिथेच संपत नाहीत. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी सेवा करता येते, पण जास्तीत जास्त एक महिना. त्याहून जास्त राहायचं तर संस्थेच्या नावाची नोंद असलेला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. परदेशी पाहुणा राहायला आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची.

(दृश्य: स्वयंपाकघर. दोन बायकांचे हात नारळ खवताहेत. शेजारी एक गोरा हात वाटाणे सोलतो आहे.)

मुलांना सांभाळणारी इथली मॅट्रन डिचोलीची, स्वयंपाकाच्या मावशी सत्तरी तालुक्यातल्या. दोघी घरी मराठी बोलतात, बाजारात कोंकणी, आणि मुलांशी जी चालेल ती. कारण इथली बरीच मुलं कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या मजुरांची आहेत. एखादा मुलगा कानडीत रडतो, हिंदीत भांडतो, कोंकणीत माफी मागतो आणि सरकारी मराठी शाळेत पाढे म्हणतो. नव्या ताईला, म्हणजे परदेशातून आलेल्या स्वयंसेविकेला, यातली एकही भाषा येत नाही.

म्हणून मॅट्रन तिला आधी मुलांकडे पाठवत नाही. म्हणते, "बाय, तू आधी हांगा (इथे) बस. मुलं कुठे पळून जात नाहीत." पहिला आठवडा वाटाणे, कपड्यांच्या घड्या, गणवेशांवर नावं घालणं. मुलं ये-जा करताना तिला बघतात, ती त्यांना बघते. कुठल्या मुलाला पेजेबरोबर लोणचं हवं, कोण आंघोळ टाळतो, कुणाची आई रविवारी येते, हे तिला इथेच कळतं.

आई येते, हे ऐकून ती चमकते. घरून निघताना तिला वाटलेलं असतं, आपण अनाथ मुलांकडे चाललोय. मुलांसाठी काम करणाऱ्या 'सेव्ह द चिल्ड्रन' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ मधल्या अहवालानुसार जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील, नाहीतर दोघंही, हयात असतात. इथेही अनेकांची आई आहे. ती दिवसभर मजुरीला जाते, रात्री पत्र्याच्या खोपटात झोपते आणि तिथे मुलीला सुरक्षित ठेवू शकत नाही. मूल कुठे राहायचं हे सरकारने नेमलेली बालकल्याण समिती ठरवते. घरी परत पाठवता आलं तर तेच करायचं आणि संस्था हा शेवटचा उपाय मानायचा, असं आपला कायदाच सांगतो. रविवारी ती आई फाटकात उभी राहते तेव्हा ताईने खोलीत निघून जावं, असा मॅट्रनचा शिरस्ता आहे. आईसमोर दुसऱ्या कुणाच्या मांडीवर मूल नको.

मांडीवरून आठवलं. पहिल्याच तासात दोन-तीन लहानगी नवख्या माणसाच्या गळ्यात पडतात, हात सोडत नाहीत. ताईला भरून येतं. कुणालाही येईल. पण जे मूल दारात आलेल्या कुणाच्याही कडेवर जातं, त्याला आपलं माणूस कोण हे अजून नीट सापडलेलं नसतं. रुमेनियात बुखारेस्टमधल्या अनाथालयांत २००० पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसलं: संस्थेत वाढलेली मुलं अनोळखी माणसाबरोबर सहज निघून जातात. अशा मुलासाठी दर महिन्याला नवी ताई येऊन जाणं म्हणजे खपली धरलेल्या जखमेला पुन्हा नख लागणं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथालयांतल्या पर्यटक-स्वयंसेवेबद्दल काळजी व्यक्त केली, ती उगाच नाही.

मग तिने येऊच नये का? हा प्रश्न मी मॅट्रनला विचारला. ती म्हणाली, "येऊ दे. पण झोपवायला मी, जेवू घालायला मी. तिने मला हात द्यावा." तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं. इथे रुळलेली स्वयंसेविका ओळखायची खूणही तीच: पडलेलं मूल तिच्याकडे धावत न येता मावशीकडे धावतं, आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही.

(दृश्य: पडवीत चटई. एक बोट इंग्रजी ओळीखालून सरकतं.)

तिला खरं काम चौथीच्या मुलांत सापडतं. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणीतून, आणि पाचवीपासून बहुतेक शाळांत इंग्रजी माध्यम. शेजारच्या घरातली मुलं ही उडी शिकवणीच्या जोरावर मारतात. इथल्या मुलांचं विज्ञानच एकदम परकं होतं आणि कितीतरी हुशार पोरं 'ढ' ठरतात. रोज तासभर कुणी शेजारी बसून पान वाचून घेतलं तर पुढची पाच-सहा वर्षं वाचतात. हे काम तिला आमच्या कुणाहूनही चांगलं जमतं.

पण हा तास लागतो जूनपासून. आणि परदेशी पाहुणे येतात नोव्हेंबरात, जातात मार्चमध्ये, हवा चांगली असते तेव्हा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. जुलैत पाऊस असा की गणवेश तीन दिवस वाळत नाही, खरूज एकाची पाचांना होते, रात्री वीज जाते, मावशीला ताप येतो आणि रजा मिळत नाही. डिसेंबरात या घरी केक कापायला माणसं मावत नाहीत. जुलैत एक जोडी हात जास्त असता तर, असं मॅट्रन दरवर्षी म्हणते. मला याचा राग येतो, आणि तो परदेश्यांवर कमी, आपल्यावर जास्त आहे.

जायची तारीख इथे पहिल्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. शेवटच्या पंधरवड्यात ताई हळूहळू मागे सरते. वाचनाला एक दिवस ती, एक दिवस दुसरं कुणी. परत येईन असं वचन द्यायला मनाई आहे. निरोपाला भेटवस्तू नाहीत. दुपारी सगळ्यांबरोबर जेवण, आणि म्हापशाच्या बसथांब्यापर्यंत मॅट्रन सोबत.

तिच्या जागी लगेच दुसरी परदेशी ताई घ्यायची नाही, असं मॅट्रनने यंदा ठरवलं आहे. चौथीच्या वाचनाची वही गावातल्याच एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली आहे. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, छत्री घेऊन, पावसातही.