वाळवीच्या घरातली माशी

नमस्कार श्रोतेहो. गुऱ्हाळावर घोंगावणाऱ्या माश्या हातानं सारत गरम गूळ तुम्हीही खाल्ला असेल. आपल्याकडं माश्या म्हणजे सातेरी, फुलोरी, नाहीतर भल्याभल्यांना पळवणारं आग्यामोहोळ. कोल्हापूरच्या भुदरगडातलं पाटगाव तर मधाचं गावच. आज मात्र मधाचं पोळं न बांधणाऱ्या एका माशीची गोष्ट सांगतो.

ती राहते इंडोनेशियातल्या उत्तर मालुकू बेटांवर. मादी जवळजवळ चार सेंटिमीटर लांब, पंख पसरले की सहाच्या वर. 1858 साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गसंशोधकाला तिथल्या बाचान बेटावर एक मादी मिळाली. त्याच वर्षी त्यानं डार्विनला नैसर्गिक निवडीवरचा, म्हणजे सजीवांच्या जाती कशा बदलत जातात ते सांगणारा लेख धाडला होता. मग माशीकडं कोण बघतंय! 'मेगाकाईली प्लूटो' हे नाव तेवढं मिळालं.

पुढं सव्वाशे वर्षं तिचा पत्ता नाही. ती नामशेष झाली, असंच लोक धरून चालले. 1981 मध्ये अ‍ॅडम मेसर या अमेरिकी संशोधकाला ती पुन्हा सापडली, आणि एवढे दिवस का दिसली नव्हती तेही उमगलं. तिचं घर झाडावरच्या वाळवीच्या वारुळात! अवाढव्य जबड्यांनी ती झाडाची राळ खरवडून आणते आणि आपल्या बोगद्याला आतून लिंपते. राळेपलीकडं वाळवी येत नाही. घरमालक बाहेर, भाडेकरू आत, मध्ये राळेची भिंत. स्थानिक लोक तिला 'राजा ओफू' म्हणतात, म्हणजे माश्यांचा राजा. खरं तर राणी म्हणायला हवं, कारण हे सगळं मादीच करते.

2019 च्या जानेवारीत चौघांच्या तुकडीला जमिनीपासून अडीच मीटरवरच्या वारुळात एक जिवंत मादी दिसली आणि तिचा पहिला फोटो निघाला. नेमकी जागा मात्र त्यांनी जाहीर केली नाही. आदल्याच वर्षी या जातीचा एक मेलेला नमुना ऑनलाइन लिलावात 9,100 डॉलरला गेला होता. माशी वाचवायची तर ती कुठं आहे हे नोंदवायला हवं, आणि नोंद चव्हाट्यावर आली की शिकारीही तिथंच पोचणार. मला विचाराल तर त्यांनी केलं ते बरोबर.

जाता जाता, अंगणातल्या गुलाबाच्या पानांच्या कडा बघा. कात्रीनं कापल्यासारखा गोल तुकडा गेला असेल, तर तो बहुधा पानं कापणाऱ्या माशीनं नेलाय. ती याच मेगाकाईली कुळीतली, त्या राणीची लहानशी कोल्हापुरी भाऊबंद.